आक्काचं गाणं आक्कालाच ऐकू येईना

वडप्याच्या आक्काला न विचारता तिच्या घरात पान हलत नसे. गोदामाचं शटर कुठल्या तोंडाला काढायचं, सुकटीला मीठ किती, पाहुण्याला बसायला खुर्ची द्यायची का सोफा, सगळं तिला विचारून. पण तुमचं आवडतं गाणं कुठलं, हे आक्काला जन्मात पहिल्यांदा विचारलं ते नातीच्या हळदीच्या डीजेवाल्याने.

हल्ली हळदीला नुसती हळद लावून भागत नाही. घरातलं एकेक माणूस मांडवात शिरतं तेव्हा त्याच्या आवडीचं गाणं वाजतं, धूर सोडतात, आणि डीजेवाला माइकवर सांगतो की यांना हे गाणं का आवडतं. म्हणून तो पेन काढून ओट्यावर बसला होता.

आक्काच्या मुलाने, रामनाथने, एक ढोलाचं गाणं सांगितलं. कारण सांगितलं की ते वाजत असताना त्याने पहिला जेसीबी घेतला. खरं कारण असं की त्याला नाचाची एकच पायरी येते आणि ती त्याच गाण्यात बसते. सून निशा हिने माहेरच्या आठवणीचं गाणं सांगितलं आणि सांगतानाच डोळ्याला पदर लावला. तिचं माहेर जवळच्याच दिघाशी गावात. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं, आणि ती येतेही, तरी रडते. उन्नती, म्हणजे नवरीमुलगी, तिने इंग्रजी गाणं सांगितलं. का आवडतं विचारलं तर म्हणाली, "व्हाइब." डीजेवाल्याने लगेच मान डोलावली. दोन तरुण माणसांना एका शब्दात जे कळतं ते चांगलं असल्याचं आक्काने अजून पाहिलेलं नाही.

"आणि आक्का, तुमचं?"

"लिव, अभंग."

"कोणता?"

"कोणता म्हंजे? ती काय वांगी हायत निवडून घ्यायला?"

"आणि का आवडतो?"

"देवाला का म्हणून विचारशील का रं?"

डीजेवाल्याने पेन खिशाला लावलं. घरातल्यांनी माना हलवल्या. आक्काला साजेसं उत्तर होतं. फक्त ते खोटं होतं.

आक्काचं खरं गाणं होतं चिंधू टँकरवाल्याच्या फोनमध्ये.

गोदामं आली तशी वडप्यातल्या विहिरी आटल्या, आणि मार्चपासून पुढे सगळा कारभार चिंधूच्या टँकरवर. त्याला फोन लावला की घंटी वाजत नाही, गाणं वाजतं. एक बाई पेटीवर, दाटल्या गळ्याने, हिंदीत, निघून गेलेल्या माणसाला बोल लावते. चिंधूची बायको रागावून माहेरी गेलेली. कधी तरी तिने फोन केलाच तर तिला कळावं, म्हणून त्याने ते लावलेलं. ती काही फोन करेना. ऐकत होतं ते सगळं वडपे गाव.

चिंधू पाइपाशी असला की फोन उचलत नाही, त्यामुळे आक्काला गाणं बऱ्यापैकी ऐकायला मिळे. आधी ती पाणी संपलं की फोन लावी. मग टाकी अर्धी असतानाच लावू लागली. मग, खोटं कशाला बोला, टाकी काठोकाठ असताना, माजघराचं दार लोटून, मोबाइल कानाला धरून उभी राहायची. तिच्यासारख्या बाईने, जिच्या धाकाने गोदामाचे वॉचमन विडी विझवतात, तिने टँकरवाल्याच्या फोनमधलं बेवफाईचं गाणं ऐकावं हे शोभत नाही, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ऐकून झालं की ती मोबाइल पदराने पुसून ठेवी, जणू न पुसला तर तो कुणाला सांगून टाकेल.

पण मोबाइलमध्ये मिस्ड कॉल नावाची चहाडखोर वस्तू असते. चिंधूने पाइप गुंडाळून फोन बघितला की आक्काचे तीन-तीन, चार-चार. तो बिचारा घाबरायचा. लग्नघर, वर आक्काचं! टँकर घेऊन धावत यायचा आणि न विचारता पाइप गच्चीवर. भरलेल्या टाकीत पाणी, मग गच्चीवरून पाणी, मग शेजारच्या चंद्राच्या अंगणात पाणी. अंगणात सुकट वाळत घातलेली.

"आक्का!" चंद्रा कुंपणावरून ओरडली. "सुकट सुकवायची असते, पोहायला शिकवायची नसते!"

"लग्नघर हाय, पाणी असलेलं बरं," आक्का म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पुन्हा एकदा टँकर आला, पुन्हा सुकट भिजली. चंद्रा तीन दिवस बोलली नाही आणि चौथ्या दिवशी नको तेवढं बोलली. आक्काने ठरवलं की आता चिंधूला फोन नाही. शेवटचा एक करायचा आणि संपवायचं.

त्या शेवटच्या फोनला गाण्याच्या मध्येच कंपनीची बाई बोलली: ये धुन पाने के लिए स्टार दबाइए.

आक्काला वाटलं, एवढी मोठी कंपनी, तिला एका म्हाताऱ्या बाईची अडचण समजली. गाणं आपल्या मोबाइलमध्ये येणार, बारशाचे फोटो येतात तसं, आणि हवं तेव्हा ऐकता येणार, सुकट न भिजवता. तिने स्टार दाबला. बोट दुखेपर्यंत दाबला. एक इंग्रजी मेसेज आला. फोटो उघडले, गाणं नाही. दुसऱ्या चौकोनात बघितलं, नाही. कंपनी लबाड निघाली म्हणून आक्काने मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि विषय सोडला.

आता शिकलेली माणसं हसतील. पण ज्याने गाणं घेतलं त्यालाच ते ऐकू येणार नाही आणि बाकी सगळ्या जगाला येणार, असला व्यवहार भाजीवाली तरी करेल का? तुम्ही मेथी घ्यायची आणि खायची ती तुम्हाला फोन करणाऱ्यांनी!

गाणं आलं होतं. आक्काला जो कोणी फोन करील त्याला ते ऐकू येत होतं. आणि आक्काला फोन करणारे थोडे नव्हते, कारण घराचा नंबर म्हणजे आक्काचा नंबर. तिच्या नवऱ्याने, महादूने, मोबाइल नवीन निघाले तेव्हा घेतलेला. महादू गेल्यावर मोबाइल आक्काने कमरेला लावला. गोदामाचे करार, जत्रेची वर्गणी, सोयऱ्यांची बोलणी, सगळं त्यावर. घरात कुठल्याही पत्रिकेवर खाली नंबर तोच. रामनाथचे स्वतःचे दोन नंबर आहेत, पण ते कुणाला पाठ नाहीत.

आक्काला काही कळेना, पण काहीतरी झालंय एवढं दिसू लागलं. भटजींनी मुहूर्ताला फोन केला आणि आधी उगाच खाकरले. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, "माँजी, सब खैरियत? कुछ भी हो, हम हैं." निशा न सांगता मऊ भात वाढू लागली. रामनाथ तिच्याकडे बघून जमिनीकडे बघू लागला. आणि कहर म्हणजे चंद्रा, जिची सुकट दोनदा भिजली ती चंद्रा, वाटीभर खीर घेऊन आली आणि आक्काचा हात धरून म्हणाली, "मन मोकळं करावं, आक्का. आपण बायकाच."

चंद्राने खीर आणली म्हणजे आपलं मरण जवळ आलं, असा आक्काने सरळ अर्थ लावला. जेवणं चालली असताना तिने ताट बाजूला सारलं.

"काय ते सांगा. डॉक्टर काय म्हणाला?"

"कसला डॉक्टर, आये?"

"मग मऊ भात कनाला? दात हायत मला!"

रामनाथने निशाकडे बघितलं, निशाने उन्नतीकडे. शेवटी उन्नतीने आपला मोबाइल काढला, आक्काचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. आक्काच्या कमरेचा मोबाइल घणघणू लागला, आणि इकडे उन्नतीच्या हातातून ती पेटीवाली बाई रडू लागली:

चाय चूल्हे पे थी, और आप उठ के चल दिए…

निशाने मऊ भाताचं पातेलं उगाच झाकलं.

"आये," रामनाथ ताटातल्या मिरचीकडे बघत म्हणाला, "कोण उठून गेलं?"

"चिंधूच्या फोनला पण हेच हाय," खिडकीतून आवाज आला. चंद्राचं जेवण लवकर होतं आणि मग ती हवा खायला खिडकीशी उभी राहते, आक्काच्या खिडकीशी. "मी म्हणते, लोकं बोलतात. टँकर पण किती येतात!"

आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. साठी ओलांडलेली बाई, घरात नातजावई यायचा, आणि नाव जोडायचं कुणाशी, तर चिंधूशी!

"चंद्रे," ती म्हणाली, "त्या माणसाला इतकी वर्सं झाली, टँकरची चावी नीट बंद करता येत न्हाय. गळत गळत जातो. त्याच्यावर जीव टाकीन मी? मला काय नजर न्हाय?"

चंद्रा हसली. निशाही हसली, मग खोकली. पण गाणं मोबाइलमध्ये गेलं कसं, ते आक्काने सांगितलं नाही. "कंपनीची लबाडी," एवढंच. ऐकायला हवं होतं म्हणून मीच स्टार दाबला, हे सांगण्यापेक्षा तिने चिंधूशी लग्न लावून घेतलं असतं.

इथवर निभावलं असतं. पण पडघ्याहून बायजाबाईंचे फोन सुरू झाले.

बायजाबाई म्हणजे नवरदेवाची आजी. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, हसताना कुणी पाहिलेली नाही. त्यांना फोन लावला की आरती वाजते, आणि ती इतकी लांब की माणूस नकळत चप्पल काढतो. त्यांचा आक्काला फोन आला. आक्काने चटकन उचलला, "हॅलो" म्हटलं. फोन कट. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "हॅलो," कट. तिसऱ्या दिवशी आक्का घंटीबरोबर झडप घालून म्हणाली, "बोला, विहीणबाई!" पलीकडून एक लांब श्वास आला आणि कट.

"झालं," रामनाथ म्हणाला. "त्यांनी गाणं ऐकलं. आता बोलत पण न्हाईत. आये, पत्रिका छापायला चाललीय. खाली माझा नंबर टाकतो."

त्याने ते हळू आवाजात, पायजम्याची नाडी चाचपत म्हटलं, पण म्हटलं. आक्काला चुलीतलं लाकूड अंगावर पडल्यासारखं झालं. नंबर गेला म्हणजे काय गेलं, हे त्याला कळत होतं म्हणून तर त्याची नाडी सापडत नव्हती. उद्यापासून सोयरे त्याला विचारणार, गोदामवाले त्याला विचारणार, आणि आक्काने ओट्यावर बसून मऊ भात खायचा.

"पत्रिका थांबव," ती म्हणाली. "ते गाणं काढून टाकते, मग बघू."

गाणं घ्यायला एक स्टार लागतो. काढायला काय लागतं ते पुढे ऐका. कंपनीला फोन लावला. हे दाबा, ते दाबा, थांबा, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचल ना, असं आक्का म्हणाली, पण ते यंत्र होतं. शेवटी एक माणूस सापडला.

"मॅम, नंबर महादू जी के नाम पे है. उनसे बात करवाइए."

"ते न्हाईत."

"कब तक मिलेंगे?"

"तुला एवढी घाई हाय का?" आक्काने विचारलं.

रामनाथने मोबाइल काढून घेतला आणि सांगितलं की मीच महादू. मग त्या माणसाने जन्मतारीख विचारली. महादूची जन्मतारीख महादूलाही ठाऊक नव्हती; त्याची आई सांगायची, आंब्याला मोहोर होता आणि म्हैस व्यायली होती. हे हिंदीत सांगितल्यावर फोन कट झाला.

म्हणून मायलेक भिवंडीत, कंपनीच्या दुकानात गेले. काचेचं दार, आत गारठा. पत्रिकावाला समोरच्याच गल्लीत, नंबरापाशी जागा कोरी सोडून बसलेला. काउंटरवर धम्मदिना नावाची मुलगी होती. आवाज मऊ, केस घट्ट बांधलेले, आणि "आजी" म्हणणं खरं वाटावं असं. आक्काला ती आवडली, म्हणून आक्का तिच्यावर जरा जास्तच डाफरली.

"आजी, नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांचा इथं लाइव्ह फोटो लागतो. कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावायचे."

"त्यांनी जन्मात कुणाला डोळे मिचकावले न्हाईत, आता कुठनं मिचकावतील? फोटोत हायत ते, हार घालून."

धम्मदिनाने जीभ चावली. मग समजावून सांगितलं की असं असेल तर नंबर आक्काच्या नावावर करावा लागेल. मृत्यूचा दाखला आहे ना? आहे. इथं सही, किंवा अंगठा. एकदा आक्काचं नाव लागलं की जुनं सगळं पुसलं जाईल, गाणंसुद्धा.

"सही येते मला," आक्का म्हणाली. लिहायला तिला तेवढंच येतं. तिने पेन उचललं. मग खाली ठेवलं. दाराकडे बघितलं, रामनाथकडे बघितलं आणि आवाज जमेल तेवढा करडा करून म्हणाली, "पुसायच्या आधी एकदा ऐकव. माझ्या नावाने एवढा बोभाटा झाला, मी नीट ऐकलं पण न्हाय."

धम्मदिनाने दुकानाच्या मोबाइलवरून नंबर लावला आणि मोबाइल आक्काच्या हातात दिला. आक्काला अक्षरं थोडी लागतात. पडद्यावर मोठ्या अक्षरात नाव आलं होतं, कारण कंपनीच्या मोबाइलवर नंबर ज्याच्या नावावर त्याचं नाव येतं. महादू.

आक्काने मोबाइल कानाला लावला. महादूला फोन लागला होता. तो उचलत नव्हता. आणि ती पेटीवाली बाई त्याला विचारत होती की चहा चुलीवर होता आणि तुम्ही उठून चालते झालात, हे काय वागणं झालं?

तसंच झालं होतं. दुपारी आक्काने चहा टाकला होता. महादू म्हणाला, वजनकाट्यावर जाऊन येतो, तोवर उकळू दे. काट्यापाशी खुर्चीत बसला तो बसला. दिवसकार्य होईपर्यंत जो आला तो म्हणाला, कसलं भाग्याचं मरण! दुखणं नाही, खुपणं नाही, कुणाची सेवा नाही. आणि आक्काने पदर डोक्यावर घेऊन प्रत्येकाला मान डोलावली, हो, भाग्यवान माणूस. चहा आटून पातेलं जळलं होतं, ते तिने परसात बसून राखेने घासलं. सांगून गेला असता, दोन दिवस अंथरुणाला पडला असता, एक शब्द बोलला असता, तर त्याचं काय गेलं असतं? पण भाग्यवान माणसाविरुद्ध तक्रार कुठे नोंदवायची? सगळे त्याच्या बाजूने बोलून गेले. आक्काच्या बाजूने बोललेली ही पहिलीच बाई, आणि ती सापडली टँकरवाल्याच्या फोनमध्ये.

गाणं आपोआप थांबलं.

"परत लाव," आक्का म्हणाली.

धम्मदिनाने परत लावलं. रामनाथ वाकून "आये, झालं का" म्हणायला आला आणि त्याला पडद्यावरचं नाव दिसलं. तो म्हणायचं ते विसरला आणि भिंतीवरच्या रिचार्जच्या जाहिराती वाचू लागला, वरपासून खालपर्यंत, परीक्षा असल्यासारख्या.

दुसऱ्यांदा थांबलं तेव्हा आक्काने मोबाइल परत दिला आणि दाखला घडी घालून पिशवीत टाकला.

"सही न्हाय करत, पोरी. हाय तसं राहू दे."

"आजी, चालेल तोवर चालेल. पण नियमात नाही ते. कुणी तक्रार केली तर…"

"तक्रार माझीच हाय," आक्का म्हणाली. "आणि ती चालू राहू दे."

"आये," रामनाथ जाहिरातींकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "मग पडघ्याला काय सांगायचं? बायजाबाई आधीच बोलेनात. त्या डीजेवाल्याला तू अभंग सांगितलास."

"त्याला सांग, आक्काने गाणं बदललं. कारण विचारलं तर माझ्याकडे पाठव, सांगेन मी. आणि बायजाबाईंना आमचा संसार पसंत नसेल तर…"

पुढचं वाक्य राहिलं, कारण मोबाइल वाजला. बायजाबाईच. रामनाथचा चेहरा दुकानातल्या गारठ्यातही घामेजला. आक्काने या खेपेला झडप घातली नाही. तिने पदर सारखा केला, खुर्चीत सरळ बसली, घसा साफ केला आणि सोयरीक मोडायची असेल तर ती आपण मोडू, त्यांनी नव्हे, अशा तयारीने मोबाइल उचलला.

"बोला. आणि आज कट केलात तर…"

"अवो, तुम्ही उचलता कनाला सारखा!" बायजाबाई पलीकडून कळवळल्या. "दर वेळी ती बाई त्या चहापाशी येते, आणि तुमचं हॅलो! पुढं काय म्हणते ती, तेच मला ऐकायला मिळंना!"

आक्काचं तोंड उघडं राहिलं. असं फार वेळा होत नाही.

"तुमच्या फोनला तर आरती हाय," ती म्हणाली.

"ती नातवाने लावली. मला कोण विचारतं, मला काय आवडतं?" बायजाबाई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचे पण असेच गेले. बाजाराची पिशवी मागितली, मी पिशवी शोधतेय तोवर…"

 धम्मदिना कागद उगाच सारखे करत होती. रामनाथ दाराकडे निघाला होता, पत्रिकावाल्याला कोऱ्या जागी आक्काचाच नंबर टाक म्हणून सांगायला, आणि या खेपेला त्याने आईला विचारलं नाही.

"विहीणबाई," आक्का म्हणाली, "ठेवा फोन. परत लावा."

"आणि तुम्ही?"

"मी न्हाय उचलत."

मोबाइल वाजू लागला. आक्काने तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.